पदरी खेळाडू, दारी करंडक?

खेळाडूंवर जास्त पैसा खर्च करणारा संघ जास्त सामने जिंकतो काय? ‘दाम करी काम’ या न्यायाने पाहिले तर उत्तर ‘होय’ असेच यायला हवे. पण विज्ञानाचा विद्यार्थी म्हणीवर थांबत नाही, तो मोजमाप मागतो. या प्रश्नाचे सर्वांत पद्धतशीर मोजमाप झाले ते अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये. तेथे प्रत्येक संघाचे पगारपत्रक जाहीर होते आणि प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. म्हणजे एका बाजूला खर्चाचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला विजयांचा आकडा, दोन्ही आयते हाती येतात.

त्या मोजमापाकडे आपण वळणार आहोतच. परंतु याच प्रश्नाचा एक मोठा प्रयोग आपल्या मराठी मुलखाच्या परिसरात घडून गेला आहे, आणि तो क्रिकेटच्या मैदानावर. तेव्हा आरंभ तेथूनच करू या.

इंदूरचा प्रयोग

सोलापूरच्या विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव देण्यात आले. त्याच होळकर घराण्याच्या इंदूर संस्थानात १९२३ साली तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नागपूरच्या एका तरुण खेळाडूला बोलावून घेतले आणि आपल्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. तो खेळाडू म्हणजे सी. के. नायडू. पुढे १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात तेच कर्णधार होते.

पैलवान पदरी बाळगून त्यांच्या खुराकाची सोय करण्याची रीत आपल्या संस्थानिकांमध्ये होतीच. तीच रीत क्रिकेटमध्ये आली. त्या काळी क्रिकेटपटूला ‘पगार’ असा उघडपणे दिला जात नसे. फौजेतला हुद्दा, दरबारातली नोकरी, राहायला घर, अशा रूपाने त्याची सोय लावली जाई. बेसबॉलच्या भाषेत हेच त्या संघाचे पगारपत्रक.

पुढे यशवंतराव होळकरांच्या काळात हा संघ भरभराटीला आला. १९४१–४२ पासून रणजी करंडक स्पर्धेत तो ‘होळकर’ या नावाने खेळू लागला. नायडू कर्णधार, इंदूरचेच मुश्ताक अली सलामीला, सागरचे चंदू सरवटे, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, नागपूरचे हिरालाल गायकवाड अशी जमवाजमव झाली होती. महायुद्धाच्या काळात इंदूरजवळच्या महू छावणीत इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन नेमणुकीवर होते, तेही १९४४–४५ चा अंतिम सामना होळकरतर्फे खेळले आणि नाबाद २४९ धावा काढून गेले. तरीही तो सामना मुंबईने जिंकला. पुढच्याच हंगामात म्हैसूरविरुद्धच्या उपांत्य सामन्यात होळकर संघाने ८ बाद ९१२ धावांवर डाव घोषित केला. त्या एका डावात सहा जणांनी शतके काढली. नंतर बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात पन्नाशी ओलांडलेल्या नायडूंनी २०० धावा काढल्या आणि करंडक प्रथमच इंदूरला गेला.

असा प्रयोग करणारे होळकर एकटेच नव्हते. नवानगरने १९३६–३७ मध्ये करंडक जिंकला तेव्हा त्यांचा कर्णधार होता ससेक्स परगण्याचा व्यावसायिक खेळाडू बर्ट वेन्सली. बडोद्याच्या गायकवाडांनीही आपला संघ असाच उभा केला.

आकडे काय सांगतात?

१९३४–३५ ते १९५४–५५ या रणजी करंडकाच्या पहिल्या २१ हंगामांचा हिशेब मांडू या. मुंबई ७ वेळा विजेती ठरली. होळकर ४, बडोदा ३ आणि नवानगर १ मिळून या तीन संस्थानी संघांनी ८ वेळा करंडक नेला. उरलेले ६ हंगाम बाकी सर्व संघांना मिळून. तीन राजघराण्यांनी मिळून मुंबईसारख्या महानगराला मागे टाकले होते, असा याचा अर्थ.

होळकर संघाची कामगिरी तर आणखी बारकाईने पाहण्याजोगी आहे. १९४४–४५ ते १९५४–५५ या ११ हंगामांत तो १० वेळा अंतिम फेरीत पोचला. हा योगायोग असू शकेल काय? एक साधे गणित करू. त्या काळी स्पर्धा बाद पद्धतीची होती. समजा, अंतिम फेरी गाठण्यासाठी ओळीने तीन सामने पार करावे लागतात आणि प्रत्येक सामना जिंकण्याची संभाव्यता ०.८ आहे, म्हणजे पाचांपैकी चार सामने जिंकणारा बलवान संघ आहे. तर तीनही सामने जिंकण्याची संभाव्यता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ०.५१. असा संघ ११ हंगामांत सरासरी पाच-सहा वेळाच अंतिम फेरी गाठेल. दहा वेळा गाठायची तर एकेका सामन्याची संभाव्यता ०.९७ च्या आसपास हवी. बलवान म्हणावा अशा संघाच्याही कितीतरी पुढे होळकर संघ होता, हे एवढ्या हिशेबावरून दिसते.

परंतु हिशेब येथेच थांबवला तर फसगत होईल. या १० अंतिम सामन्यांपैकी होळकर संघाने ४ जिंकले आणि ६ गमावले. प्रतिस्पर्धी कोण होते ते पाहा. मुंबईशी चार वेळा गाठ पडली, विजय एक. बडोद्याशी तीन वेळा, विजय एक. म्हणजे तुल्यबळ संघांविरुद्ध सातांपैकी दोनच विजय. इतर तिघांपैकी गुजरात व बंगाल यांना त्यांनी हरवले, मद्रासकडून हार पत्करली. पैशाने उभारलेली ताकद दुबळ्या संघांना सहज ओलांडून पुढे नेत होती, पण समोर तितकीच तयारी असलेला संघ आला की ती पुरत नव्हती. यश हे आपल्या खर्चावर नव्हे, तर आपल्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीतील फरकावर अवलंबून असते, हा पहिला निष्कर्ष.

पुण्याहून बडोद्याला

या फरकाचे उत्तम उदाहरण म्हणजे विजय हजारे. सांगलीला जन्मलेले हजारे १९३९–४० मध्ये महाराष्ट्राकडून खेळत होते आणि पुण्यात बडोद्याविरुद्धच त्यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्रा. दि. ब. देवधर कर्णधार होते आणि महाराष्ट्राने १९३९–४० व १९४०–४१ असे लागोपाठ दोन वर्षे करंडक जिंकला. त्यानंतर हजारे बडोद्याच्या सेवेत गेले. १९४२–४३ मध्ये करंडक बडोद्याला गेला. १९४६–४७ च्या अंतिम सामन्यात हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी होळकरांविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठीची सर्वांत मोठी भागीदारी म्हणून ती २००६ पर्यंत अबाधित राहिली.

महाराष्ट्राच्या खात्यात मात्र १९४०–४१ नंतर २०२४–२५ पर्यंत रणजी करंडक एकदाही जमा झालेला नाही. हे सारे एका खेळाडूच्या जाण्याने घडले असे म्हणणे अर्थातच अशास्त्रीय ठरेल. पण खेळाडूच्या स्थलांतराचा परिणाम दुहेरी असतो, ही गोष्ट येथे स्पष्ट दिसते. विकत घेणाऱ्याची बाजू जितकी वर जाते, तितकीच गमावणाऱ्याची खाली येते. आणि खेळाडू लहानाचा मोठा होईपर्यंतचा खर्च विकत घेणाऱ्याच्या पगारपत्रकात कोठेच दिसत नाही. तो सांगलीने आणि पुण्याने केलेला असतो. आमच्या सोलापूरलाही हे नवे नाही. कसोटीत द्विशतक काढणारे पहिले भारतीय पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ साली सोलापूरचा, पण रणजी स्पर्धेत त्यांचे नाव प्रामुख्याने मुंबईशी जोडले गेले.

बेसबॉलचा धडा

आता अमेरिकेकडे वळू. तेथे १८७९ पासून जवळजवळ शंभर वर्षे खेळाडूच्या करारात एक बंधनकारक कलम असे. करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क मालकाकडेच राही आणि त्याला दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे. अर्थशास्त्रज्ञ जेराल्ड स्कली यांनी १९७४ साली खेळाडूमुळे संघाला मिळणारे उत्पन्न आणि त्याचा पगार यांची तुलना केली. चांगल्या खेळाडूंना त्यांच्या मोलाच्या मानाने फारच थोडे मिळते, असे तीतून दिसून आले. डिसेंबर १९७५ मध्ये लवादाने हे बंधन मोडले आणि बाजार खुला झाला. १९७६ मध्ये सुमारे ५१ हजार डॉलर असलेला सरासरी वार्षिक पगार १९९२ मध्ये दहा लाख डॉलरच्या वर गेला.

बाजार खुला झाल्यावर पैसा आणि विजय यांचा संबंध घट्ट व्हायला हवा. हॉल, सिमान्स्की आणि झिम्बलिस्ट या संशोधकांनी १९८० ते २००० या काळातील आकडे तपासले. पगार आणि विजय यांचा सहसंबंध १९९० नंतरच्या दशकात लक्षणीयरीत्या वाढला, असे त्यांना आढळले. परंतु जास्त पगारामुळेच विजय वाढतात, याचा पुरावा संपूर्ण कालखंडासाठी मिळाला नाही. याउलट खेळाडूंची खरेदी-विक्री अधिक मोकळी असलेल्या इंग्लंडमधील फुटबॉलमध्ये मात्र पगाराकडून विजयाकडे जाणारा कार्यकारणभाव नाकारता आला नाही. म्हणजे पैशाची ताकद किती, हे त्या खेळाच्या बाजाराचे नियम ठरवतात.

अपवादही बोलका असतो. २००२ च्या हंगामात न्यूयॉर्क यांकीज संघाचे पगारपत्रक सुमारे साडेबारा कोटी डॉलरचे होते, तर ओकलंड संघाचे सुमारे चार कोटींचे. दोघांनीही १०३ सामने जिंकले. ओकलंडने काय केले? फलंदाज बाद न होता पहिल्या ‘बेस’वर किती वेळा पोचतो, या गुणाची बाजारात पुरेशी किंमत होत नव्हती. त्यांनी असे स्वस्तात मिळणारे पण उपयोगी खेळाडू घेतले. हे साधले मोजमापाच्या बळावर. पुढे इतर संघांनीही तेच मोजमाप सुरू केले आणि स्वस्ताई संपली. आणखी गंमत म्हणजे त्या वर्षी हे दोन्ही संघ अजिंक्यपदाच्या बाद सामन्यांत पहिल्याच फेरीत गारद झाले. १६२ सामन्यांत गुणवत्ता उठून दिसते, पाच सामन्यांच्या मालिकेत दैवही आपला वाटा मागते.

कारण कोणते, परिणाम कोणता?

सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे वाक्य आपण विद्यार्थ्यांना सांगतो. येथे त्याचा अर्थ नेमका काय? पगार वाढला म्हणून विजय वाढले, असे होऊ शकते. पण जिंकणाऱ्या संघाला प्रेक्षक जास्त मिळतात, उत्पन्न वाढते आणि मग तो खेळाडूंना जास्त पगार देतो, असेही होऊ शकते. तिसरी शक्यता अशी की, मोठे शहर हे पैसा आणि खेळाडू या दोहोंचेही समान कारण असेल.

शिक्षकांना हा प्रश्न परका नाही. एखादा शिकवणी वर्ग दहावीला ९५ टक्के मिळवणाऱ्या मुलांनाच प्रवेश देतो, काहींना शुल्कात सूटही देतो, आणि दोन वर्षांनी गुणवंतांची छायाचित्रे फलकावर लावतो. यातले यश शिकवण्याचे किती आणि निवडीचे किती? ते ठरवायचे तर मूल आले तेव्हा कोठे होते आणि गेले तेव्हा कोठे पोचले, यातील फरक मोजावा लागेल. ४० टक्क्यांच्या मुलाला ६५ वर नेणाऱ्या शाळेचा फलक मात्र कोठे लागत नाही. होळकर संघाचा करंडक आणि शिकवणी वर्गाचा फलक यांचे गणित एकाच जातीचे आहे.

मुंबईचे पगारपत्रक

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. होळकर संघ आणखी काही वर्षे टिकला. १९५४–५५ चा अंतिम सामना मद्रासविरुद्ध इंदुरात झाला, तो ४६ धावांनी गेला आणि त्यानंतर हा संघच बरखास्त झाला. त्या प्रदेशाचे संघ पुढे खेळत राहिले, पण मध्य प्रदेशला पुन्हा अंतिम फेरी दिसली ती १९९८–९९ मध्ये.

त्यानंतरच्या १८ हंगामांत, १९५५–५६ ते १९७२–७३ या काळात, मुंबईने १७ वेळा करंडक जिंकला. त्यांतले शेवटचे १५ लागोपाठ. मग मुंबईचे खेळाडू काय फुकट खेळत होते? मुळीच नाही. त्यांचेही पगारपत्रक होते, पण ते एका खजिन्यातले नव्हते. ते अनेक कचेऱ्यांच्या हजेरीपटांवर विखुरलेले होते. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. टाटा, एसीसी, मफतलाल अशा उद्योगांचे स्वतःचे संघ होते आणि टाइम्स शील्डमध्ये ते एकमेकांशी झुंजत. त्याखाली शालेय मुलांसाठी हॅरिस शील्ड व गाइल्स शील्ड, आणि १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग. दादर युनियन, शिवाजी पार्क जिमखाना यांसारख्या क्लबांतून शाळकरी मुलगा कसोटीपटूसमोर उभा राही. एक खेळाडू निवृत्त झाला की त्याची जागा घेणारा खालच्या पायरीवर तयारच असे.

यातही शास्त्रीय सावधगिरी हवी. याच सुमारास, १९५७–५८ पासून, स्पर्धेची रचना बदलून विभागवार साखळी सामने सुरू झाले. साखळीत सामने वाढतात, दैवाचा वाटा घटतो आणि खरोखर बलवान संघाला त्याचा फायदा होतो. म्हणजे संस्थानांचा अस्त, नवी रचना आणि मुंबईची शिडी या तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या. कोणत्या कारणाला किती श्रेय, हे नेमके वेगळे काढता येत नाही. इतिहासाचा प्रयोग पुन्हा करून पाहता येत नाही, ही त्याची अडचण. तरी एक फरक निःसंशय दिसतो. इंदूरचा आश्रयदाता हटताच संघ संपला. मुंबईत एखादी कंपनी मागे सरली तरी शिडी उभीच राहिली.

वर्गात करून पाहा

२००८ मध्ये आयपीएल स्पर्धा सुरू झाली तेव्हा आठ संघांचे मालकी हक्क विकले गेले. चढ्यापासून उतरत्या किमतीचा क्रम असा होता : मुंबई, बंगलोर, हैदराबाद, चेन्नई, दिल्ली, पंजाब, कोलकाता, राजस्थान. (मुंबई सुमारे ११.१९ कोटी डॉलर, राजस्थान ६.७ कोटी.) साखळी अखेरीचा २००८ चा क्रम : राजस्थान, पंजाब, चेन्नई, दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगलोर, हैदराबाद. आणि २००९ चा क्रम : दिल्ली, चेन्नई, बंगलोर, हैदराबाद, पंजाब, राजस्थान, मुंबई, कोलकाता.

स्पिअरमन यांची क्रम-सहसंबंधाची रीत येथे लावू या. प्रत्येक संघाच्या किमतीचा क्रमांक व यशाचा क्रमांक यांतील फरक काढा, त्याचा वर्ग करा आणि वर्गांची बेरीज करा. त्या बेरजेला ६ ने गुणून ८ × ६३ म्हणजे ५०४ ने भागा आणि आलेली संख्या १ मधून वजा करा. २००८ साठी वर्गांची बेरीज १३४ येते आणि सहसंबंधांक सुमारे –०.६. म्हणजे संघ जितका महाग तितका मागे! २००९ साठी बेरीज ६४ आणि सहसंबंधांक सुमारे +०.२४. किमती त्याच, संघही तेच, पण चिन्ह उलटे झाले. आठच जोड्या असताना हा अंक ०.७४ च्या आसपास गेल्याशिवाय तो निव्वळ योगायोग नाही असे म्हणता येत नाही. तेव्हा २००८ नंतर ‘पैसा हरला’ म्हणणारे आणि २००९ नंतर ‘पैसा परतला’ म्हणणारे, दोघेही घाई करत होते.

विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न विचारावा. ही किंमत मालकी हक्काची आहे, खेळाडूंच्या पगाराची नाही. पगारावर तर सर्व संघांना २००८ मध्ये ५० लाख डॉलरची एकच कमाल मर्यादा होती. सगळ्यांचा खर्च जवळजवळ सारखाच असेल, तर खर्च आणि यश यांचा सहसंबंध दिसेल काय? दिसणार नाही. पण त्यावरून ‘पैशाचा परिणाम होत नाही’ असे म्हणणे म्हणजे एकाच उंचीची मुले निवडून ‘उंचीचा बास्केटबॉलशी संबंध नाही’ म्हणण्यासारखे आहे. जे बदलतच नाही, त्याचा परिणाम मोजता येत नाही.

पैसा कोठे घातला?

जून २०२२ मध्ये बंगळूरला मध्य प्रदेशने मुंबईला हरवून रणजी करंडक जिंकला. होळकर संघाच्या १९५२–५३ मधील शेवटच्या विजयानंतर ६९ वर्षांनी करंडक पुन्हा त्या प्रदेशात गेला. प्रशिक्षक होते मुंबईत घडलेले चंद्रकांत पंडित. १९५७–५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाला २०१७–१८ मध्ये पहिला करंडक मिळाला आणि पुढच्या वर्षी दुसरा, तेव्हाही प्रशिक्षक तेच होते. विदर्भाने बाहेरून वसिम जाफर यांच्यासारखे मोजके अनुभवी खेळाडू घेतले, पण २०१७–१८ च्या अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक घेतली ती विदर्भाच्याच रजनीश गुरबानीने.

तेव्हा ‘पैसा किती खर्च केला?’ या प्रश्नाला ‘तो कोणत्या पायरीवर खर्च केला?’ ही जोड द्यायला हवी. तयार खेळाडू विकत घेणारा पैसा लगेच फळ देतो आणि थांबला की फळही थांबते. शाळा, मैदान आणि शिक्षक यांवर घातलेला पैसा कोणत्याही एका वर्षाच्या सहसंबंधांकात दिसत नाही. तो पाहायचा तर पंधरावीस वर्षांची आकडेवारी हवी. अशी आकडेवारी ठेवण्याचे काम कोणताही विद्यार्थी आपल्या शाळेपुरते आजपासून सुरू करू शकतो : खेळाचे साहित्य, मैदानावरचे तास, मुलांची संख्या आणि सामन्यांचे निकाल, एवढे चार रकाने एका वहीत पुरेसे आहेत.